न आलेल्या रुग्णाचे ऋण

परिचर्याशास्त्राची विद्यार्थिनी परीक्षेपूर्वी ‘मेडिकल-सर्जिकल नर्सिंग’ या विषयाची जी उजळणी करते, ती सेवेचा भाग मानावी की नोकरीच्या वाटेवरची औपचारिक पायरी मानावी, हा प्रश्न वरवर शैक्षणिक वाटला तरी त्याच्या तळाशी धर्मविचारातला एक जुना वाद आहे. करुणा ही अंतःकरणाची स्वयंभू वृत्ती असेल, तर पुस्तकाशी तिचा संबंध दूरचा ठरतो. पण ती शिकून, घोकून, हाताला वळण लावून कमवावी लागणारी क्षमता असेल, तर उजळणीची रात्र आणि वॉर्डातली रात्र यांच्यात समजले जाते तेवढे अंतर उरत नाही. मराठी समाजात पहिल्या मताचे वजन मोठे आहे. सेवाभाव उपजत असतो, तो शिकवून येत नाही, आणि परीक्षा तर केवळ स्मरणशक्तीची होते, असे पदवीदान समारंभातल्या भाषणांपासून घरगुती गप्पांपर्यंत सर्वत्र मानले जाते. या मताचा पाया तपासून पाहण्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.

प्रथम विषयाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. मेडिकल-सर्जिकल नर्सिंग म्हणजे प्रौढ रुग्णांची, औषधोपचाराने किंवा शस्त्रक्रियेने ज्यांवर इलाज केला जातो अशा आजारांतील शुश्रूषा. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू, रक्त, हाडे, भाजणे, विषबाधा, अपघात असा तिचा विस्तार आहे. सामान्य परिचर्या व प्रसविका या तीन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमात, म्हणजे ज्याला सर्वजण ‘जीएनएम’ म्हणतात त्यात, हा विषय दुसऱ्या वर्षी दोन भागांत येतो. बी. एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने त्याला ‘अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग’ असे नाव दिले. उत्तर लिहिण्याची चौकट ठरलेली असते: व्याख्या, कारणे, लक्षणे, तपासण्या, उपचार आणि शेवटी परिचर्या. ही परिचर्या पाच टप्प्यांच्या प्रक्रियेत मांडायची असते. रुग्णाची पाहणी, त्याच्या गरजेचे निदान, काळजीचे नियोजन, प्रत्यक्ष कृती आणि कृतीच्या परिणामाचे मूल्यमापन हे ते पाच टप्पे होत. जवळपास प्रत्येक उत्तराच्या अखेरीस ‘रुग्णाला मानसिक आधार द्यावा’ असा एक मुद्दा ठेवलेला असतो. करुणेला मिळालेली ही जागा, म्हणजे शेवटची ओळ आणि फार तर अर्धा गुण, तत्त्वचिंतकाला विचारात पाडणारी आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, परंतु दोन्हींचे आरोग्यविषयक भाग्य अजूनही एकाच जंगलाने बांधलेले आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कोरची या तालुक्यांतली अंतरे, पावसाळ्यात नदी-नाल्यांना येणारे पूर आणि तज्ज्ञ डॉक्टरांची टंचाई यांमुळे आजारी माणसाची पहिली गाठ बहुधा परिचारिकेशी पडते. अशा वेळी तिला जे पुस्तक न उघडता आठवते, तेच रुग्णाच्या वाट्याला येते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एकाचे अज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानाने झाकले जाते. जंगलातल्या केंद्रात तशी सोय नसते.

भारतीय परंपरेने या प्रश्नाचा विचार फार आधी केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद, म्हणजे चार आधार, सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. या प्रत्येकाचे चार-चार गुण तेथे दिलेले आहेत. परिचारकाचे गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच असे आहेत. उपचारज्ञता म्हणजे काय करावे आणि कसे करावे याचे ज्ञान, दाक्ष्य म्हणजे हाताची चपळ निपुणता, अनुराग म्हणजे रुग्णाविषयीची ओढ, आणि शौच म्हणजे स्वच्छता. सेवाभाव उपजत असतो असे मानणाऱ्यांनी अनुरागाला पहिले स्थान दिले असते. चरकाने तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवला आणि आरंभ ज्ञानाने केला. क्रमावरून फार मोठा निष्कर्ष काढणे पद्यरचनेच्या ग्रंथाबाबत धोक्याचे असते हे खरे. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, केवळ अनुरागाच्या बळावर कोणी परिचारक होऊ शकतो ही कल्पना या ग्रंथाला मान्य नाही.

बौद्ध परंपरेतील विचार याहून अधिक तपशिलाचा आहे. विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरांविषयीच्या प्रकरणात, अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूची कथा येते. त्याच्याकडे कोणीही लक्ष देत नव्हते, कारण इतर भिक्षूंच्या उपयोगी तो पडत नव्हता. बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर ठेवले, आणि ज्याला आपली सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी असा आदेश संघाला दिला. ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्यापुढे येणारी सूची मात्र क्वचितच वाचली जाते. शुश्रूषा करण्यास योग्य व्यक्तीचे पाच गुण तेथे सांगितले आहेत: औषध तयार करण्याची क्षमता, रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे ओळखून हितकर ते पुढे करणे व अहितकर ते दूर ठेवणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस न वाटणे, आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उभारी देता येणे. येथेही पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यामुळे विनयपिटकातला हा विचार या भूमीत केवळ पुराभिलेखाचा विषय नाही. तेथील असंख्य घरांच्या जिवंत वारशाचा तो भाग आहे.

हितकर आणि अहितकर यांतला भेद किती सूक्ष्म असतो, हे पाण्याच्या उदाहरणावरून कळते. आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे ही भारतीय मनाला सर्वांत पवित्र वाटणारी करुणाकृती आहे, आणि मरणासन्न माणसाच्या ओठांना पाणी लावण्याला तर धार्मिक विधीचेच स्थान आहे. परंतु पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया अनेकदा बिघडलेली असते. त्याच्या तोंडात प्रेमाने घातलेले चमचाभर पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांचा घातक दाह निर्माण करू शकते, म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत त्याला तोंडाने काहीही द्यायचे नसते. गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या मृत्यूंच्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले, तेव्हा हे उदाहरण कल्पनेतले नाही. उलट सिकलसेलच्या वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला भरपूर द्रव पोटात जाणे हा उपचाराचा गाभा असतो. आणि घोणसाच्या विषाने मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला पाणी मोजून, चोवीस तासांत झालेल्या लघवीच्या हिशोबाने द्यावे लागते. तेच पाणी एकाला अहितकर, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला मापातच हितकर. तिन्ही खाटांजवळ करुणा सारखीच असू शकते, पण तिन्ही ठिकाणी योग्य कृती कोणती हे करुणा स्वतः सांगू शकत नाही. ते मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या तीन वेगवेगळ्या प्रकरणांत लिहिलेले असते.

सर्पदंशाचे प्रकरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर चालणारे प्रतिविष एकच असले, तरी दंशानंतर दिसणारी चित्रे फार भिन्न असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, वेदनाही फारशी नसते. पहाटे रुग्ण पोटदुखीची तक्रार घेऊन येतो आणि तिचा सापाशी काही संबंध असेल असे त्यालाही वाटत नाही. पापण्या जड होऊन खाली येणे, गिळता न येणे, मान सावरता न येणे, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणे असा हा लकवा वरून खाली उतरत जातो. एका श्वासात रुग्णाला किती अंक मोजता येतात हे दर थोड्या वेळाने पाहिले, तर येऊ घातलेल्या श्वसनसंकटाची चाहूल आधी लागते. घोणसाच्या दंशात रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते, आणि ती तपासण्याची पद्धत इतकी साधी आहे की कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते: काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून ते गोठले आहे का ते पाहायचे. यात एक बारकावा आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही, आणि ज्याला प्रतिविषाची गरज नाही त्यालाही ते देण्याचा धोका उद्भवतो. प्रतिविष सुरू करताना तीव्र अ‍ॅलर्जीची शक्यता असल्याने अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवावे लागते. ही माहिती परीक्षेच्या उत्तरात फार तर एका वाक्यात लिहिली जाते. पण ते वाक्य ज्या परिचारिकेच्या डोक्यात पक्के बसले आहे, ती नळी कोणत्या पाण्याने धुतली हे रात्री दोन वाजता विचारते.

सिकलसेलच्या बाबतीत ज्ञान आणि करुणा यांचा संबंध आणखी खोलवर जातो. हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. गोंड, माडिया, परधान या समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात हा आजार पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. वेदनेच्या अशा झटक्यात बाहेरून पाहणाऱ्याला फारसे काहीच दिसत नाही: जखम नाही, सूज नसू शकते, ताप नसू शकतो. महिन्याभरात तिसऱ्यांदा भरती झालेला तरुण खाटेवर कण्हत असेल आणि पुन्हा वेदनाशामक मागत असेल, तर तो नाटक करतो असे वाटणे अज्ञानी मनाला सोपे असते. ज्या परिचारिकेने तुंबलेल्या रक्तवाहिन्यांचे प्रकरण समजून वाचले आहे, तिचा त्या कण्हण्यावर विश्वास बसतो. ती वेदनाशामक वेळापत्रकाप्रमाणे देते, रुग्णाला ऊब देते. सांध्याच्या दुखापतीत बर्फ लावावा हे जरी तिने दुसऱ्या प्रकरणात वाचलेले असले, तरी येथे बर्फ वर्ज्य आहे हे तिला ठाऊक असते, कारण थंडीने वाहिन्या आणखी आकसतात. म्हणजे येथे ज्ञान करुणेच्या मदतीला येते इतकेच नव्हे, तर करुणेला ते जन्म देते. दिसत नसलेल्या वेदनेवर विश्वास ठेवणे हा अभ्यासाचा परिणाम आहे. चरकाच्या सूचीत अनुरागाआधी उपचारज्ञता का यावी, याचे एक उत्तर सिकलसेलच्या वॉर्डात मिळते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातला करुणेचा सर्वांत गाजलेला प्रसंगही या संदर्भात नव्याने पाहण्याजोगा आहे. वरोऱ्याचे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांना कुष्ठरोगाने झिजलेला तुळशीराम पावसात पडलेला दिसला, ते भयाने तेथून दूर पळाले, आणि त्या भयाची लाज वाटून परतले. या परतण्यालाच त्यांच्या जीवनाचे वळण मानले जाते आणि व्याख्यानांत कथा बहुधा येथेच संपते. पण त्यानंतर त्यांनी काय केले हे तितकेच महत्त्वाचे आहे: ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले. वकिली केलेला, चाळिशीकडे झुकत असलेला हा गृहस्थ विद्यार्थी होऊन वर्गात बसला. १९४९ साली स्थापन झालेली महारोगी सेवा समिती आणि त्यानंतर उभे राहिलेले आनंदवन यांच्या मुळाशी हृदयपरिवर्तन जितके आहे तितकाच हा अभ्यासही आहे. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायाला काटा रुतलेला कळत नाही, म्हणून रोज पाय पाहणे, भिजवणे, तेल लावणे, व्रणावरचा भार कमी करणे ही परिचर्या लागते, आणि ती केवळ भय जिंकल्याने येत नाही. आमट्यांच्या परतण्याचे गुणगान करणाऱ्या परंपरेने त्यांच्या वहीकडे दुर्लक्ष केले, हे मराठी भावुकतेला शोभणारेच झाले.

परीक्षेने शुश्रूषा मोजता येते का, हा प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघड वादाचा विषय झाला होता. १८८७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश नर्सेस असोसिएशनच्या वतीने एथेल बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी व्हावी अशी मागणी केली, आणि तिला सर्वांत मोठा विरोध केला तो आधुनिक परिचर्येची जननी मानल्या जाणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. परीक्षेत माहिती तपासता येईल, पण चारित्र्य, संयम आणि रुग्णाशी वागणूक तपासता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. फेनविक यांचा पक्ष असा की, नोंदणी नसल्याने कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवू शकते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने फेनविक जिंकल्या. भारतात १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने आणि महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाने तोच मार्ग स्वीकारला. या वादात नाइटिंगेल यांचे निरीक्षण खरे होते आणि त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता, असे म्हणावे लागते. जे मोजता येत नाही ते श्रेष्ठ असू शकते, पण म्हणून जे मोजता येते ते मोजूच नये असे ठरत नाही. शिवाय चारित्र्याची पारख करण्याचा अधिकार प्रतिष्ठितांच्या हाती ठेवला की गरीब, दलित, आदिवासी घरातल्या मुलीला दार बंद करणे सोपे जाते. गुणांची परीक्षा निदान कुळ विचारत नाही. ज्ञानाचा अधिकार कोणाला, या भारतातल्या अत्यंत जुन्या वादाला गडचिरोलीने दिलेले उत्तर तर याहून धीट आहे. ‘सर्च’ने खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंतचे ज्ञान त्यांच्या हाती सोपवले गेले, आणि ३९ गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

येथपर्यंत ज्ञान हे शुश्रूषेचे अंग आहे एवढे सिद्ध होते. उजळणीच्या कृतीला स्वतःचे नैतिक मूल्य आहे का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल हिने १९४२ साली शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. भूमितीचे प्रमेय सुटो वा न सुटो, त्याच्यापाशी प्रामाणिकपणे खिळून राहिल्याने अवधानाची शक्ती वाढते, आणि हेच अवधान पुढे प्रार्थनेत आणि दुःखी माणसाकडे पाहण्यात उपयोगी पडते, असे तिचे प्रतिपादन आहे. म्हणजे अभ्यासाचा खरा लाभ गुणपत्रिकेत नसून पाहण्याच्या क्षमतेत असतो. हा विचार मोलाचा आहे, पण परिचर्येला तो पुरत नाही. वेलच्या मते अवधान म्हणजे मनाची रिकामी, वाट पाहणारी अवस्था. परिचारिकेचे अवधान मात्र भरलेले असावे लागते. पापणीकडे पाहायचे, लघवीचा रंग पाहायचा, श्वास एक मिनिट पूर्ण मोजायचा, हे तिला आधीपासून ठाऊक नसेल, तर ती कितीही एकाग्र असली तरी चुकीच्या जागी एकाग्र राहील.

या उणिवेवर भारतीय विचारातील ऋणाची कल्पना अधिक प्रकाश टाकते. शतपथ ब्राह्मणानुसार मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचा ऋणी असतो. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते आणि मनुष्यांचे ऋण त्यांना आसरा व अन्न दिल्याने फिटते. परिचर्येच्या अभ्यासात ही दोन ऋणे एकत्र येतात. पूर्वसूरींनी मिळवलेले ज्ञान जतन करणे हे ऋषिऋण, आणि ते ज्याच्यासाठी जतन करायचे तो रुग्ण हा मनुष्यऋणाचा धनको. फरक एवढाच की हा धनको अजून आलेला नाही. तो कोण असेल, मोहफुले वेचताना अस्वलाने चेहरा फाडलेली स्त्री असेल की तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हाने कोसळलेला मजूर, हे उजळणी करणारीला माहीत नाही. त्याचे नाव, गाव, भाषा काहीच ठाऊक नसताना त्याचे देणे मात्र आजच सुरू झालेले असते, कारण तो येईल तेव्हा शिकायला वेळ मिळणार नाही. धर्मशास्त्राने अजाणता घडलेल्या पातकालाही प्रायश्चित्त सांगितले, आणि याज्ञवल्क्यस्मृतीने चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगितला. दोन्हींमागे हाच विचार आहे की, जे कळून घेणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, ते न कळणे ही निर्दोष अवस्था नाही. या अर्थाने ‘महत्त्वाचे प्रश्न’ छापणाऱ्या गाइडातून निवडक पाठ करणे आणि बाकीचे सोडून देणे हा केवळ आळस ठरत नाही. गाळलेल्या प्रकरणाचा रुग्ण कोणीतरी असतोच.

तरीही पुस्तकावर सर्व भिस्त ठेवणेही योग्य नाही, कारण पुस्तकातला प्रौढ रुग्ण बहुधा दुसऱ्या प्रदेशातला असतो. पाठ्यपुस्तकातील वेदनामापन शून्य ते दहा या अंकांत चालते. ज्याने आयुष्यात वेदना अशा रीतीने मोजलेलीच नाही, त्याला हा प्रश्नच परका वाटतो. बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र काळ्या त्वचेवर कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे २०२० नंतर व्यापक चर्चेत आले आणि जुन्या आवृत्त्यांत ते नाही. ‘सर्च’च्या शोधग्राम येथील रुग्णालयाची आखणी होण्यापूर्वी आदिवासींनी रुग्णालयाच्या भीतीची जी कारणे सांगितली, त्यांत डॉक्टर व परिचारिकांचे पांढरे कपडे हे एक कारण होते, कारण पांढरे वस्त्र प्रेताला घालतात, असे ‘सर्च’चे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सांगितले आहे. ते रुग्णालय मग आदिवासी वस्तीच्या घडणीचे झाले आणि दंतेश्वरी देवीच्या नावाने उभे राहिले. गणवेशाची स्वच्छता हा परीक्षेत गुण मिळवून देणारा विषय आहे. तोच गणवेश एखाद्या माडिया स्त्रीला मरणाची खूण वाटू शकतो, हे त्या उत्तरात कोठेही येत नाही.

चरकाचे शौच आणि विनयपिटकातील किळस नसण्याचा गुण यांची तुलना येथे करता येईल, परंतु तिला फार जागा देण्याचे कारण नाही. शौचाचा अर्थ सोवळे असा घेतला की मलमूत्र उचलणारा हात हीन ठरतो, आणि जंतुविरहितता असा घेतला की तोच हात धुऊन पुढच्या रुग्णाकडे जायला योग्य ठरतो. भारतीय समाजाने दीर्घकाळ पहिला अर्थ धरला, म्हणून परिचर्येचा पेशा उच्चवर्णीय घरांनी टाळला, आणि पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांना विधवांना परिचारिका म्हणून शिकवताना समाजाचा संकोच दूर करण्यापासून सुरुवात करावी लागली.

अनुरागाचा प्रश्न याहून अवघड आहे. परीक्षा तो मोजू शकत नाही, हे नाइटिंगेल यांचे म्हणणे आजही खोडता येत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकासमोर रुग्णाशी गोड बोलणारी विद्यार्थिनी रात्रपाळीतही तशीच बोलेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु म्हणून अनुराग हा परिचारिकेच्या एकटीच्या अंतःकरणाचा हिशोब मानणे हा अन्याय आहे. ज्या वॉर्डात एका पाळीत एकीवर मर्यादेपलीकडे खाटांचा भार असतो, तेथे अनुरागाला वेळच उरत नाही. अशा वेळी सेवा आणि त्याग या शब्दांचा जयघोष करून रिक्त पदे न भरणे, कंत्राटी वेतन तुटपुंजे ठेवणे आणि निवासाची सोय न करणे, हा धर्माच्या भाषेचा सोयीस्कर गैरवापर आहे. विनयपिटकाने लाभाच्या आशेने सेवा करू नये असे सांगितले ते संघातल्या भिक्षूला, ज्याच्या अन्न-वस्त्राची चिंता समाज वाहत होता. ते वचन घरभाडे भरणाऱ्या नोकरदार परिचारिकेपुढे ठेवताना अर्धे वाचणे बरोबर नाही.

विनयपिटकाच्या त्याच चीवर-प्रकरणात शुश्रूषा करायला अवघड असलेल्या रुग्णाचेही पाच दोष मोजलेले आहेत, आणि आपली लक्षणे परिचारकाला यथार्थ न सांगणे हा त्यांतला एक दोष आहे. गडचिरोलीत या दोषाची जबाबदारी उलटी करावी लागते. परीक्षेची तयारी इंग्रजी पाठ्यपुस्तकावरून होते, वर्गात समजावणे मराठीतून होते, आणि रुग्ण भामरागडात माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली तर कोरची भागात छत्तीसगढी बोलतो. कळ, आग, ठणका, मुंग्या, जडपणा यांतले जे भेद हृदयविकार आणि अपचन, लकवा आणि थकवा वेगळे ओळखायला लागतात, ते या भाषांतरांच्या साखळीत पुसले जातात. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना वैद्यकीय पदव्या घेऊनही माडिया शिकावी लागली, कारण त्याशिवाय रुग्णाची तक्रारच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. पाहणी हा परिचर्या-प्रक्रियेचा पहिला टप्पा असेल, तर भामरागडला नेमणूक होण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थिनीच्या वहीत पक्षाघाताच्या लक्षणांशेजारी दुखते कोठे, कधीपासून, गिळता येते का, हात उचलता येतो का, एवढ्या प्रश्नांचे माडिया शब्दही लिहिलेले असणे हे त्याच उजळणीचे काम आहे. अभ्यासक्रमात आज ते नाही, आणि त्यासाठी परिचर्या परिषदेच्या परवानगीची गरजही नाही.